पॉल लांजव्हँ: पाणबुडीच्या शोधातून सोनोग्राफीपर्यंत

पोटाची सोनोग्राफी करायला आलेले पेशंट दोन प्रश्न हमखास विचारतात. उपाशीपोटी का बोलावलं? आणि हे गार, चिकट जेल कशाला? दोन्हींच्या उत्तरात एक शब्द समान आहे: हवा. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी पाण्यातून, रक्तातून, मांसातून सहज जातात. हवा लागली की तिथूनच मागे फिरतात. आतड्यात गॅस कमी असावा, पित्ताशय भरलेलं दिसावं, म्हणून उपाशी राहायला सांगतात. प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पापुद्राही राहू नये म्हणून जेल लावतात.

आता रुग्णालयातून किनाऱ्यावर या. मासेमारीच्या होड्यांवर फिशफाइंडर नावाचं यंत्र बसवतात. पाण्यात ध्वनिलहरी सोडायच्या, परत येणारा प्रतिध्वनी टिपायचा आणि तळ किती खोल आहे, मधल्या पाण्यात मासळी कुठे आहे, हे पडद्यावर पाहायचं. हे यंत्र बसवणारा माणूसही सगळ्यात जास्त काळजी घेतो ती हवेचीच.

हे साम्य योगायोगाचं नाही. दोन्ही यंत्रांचं काळीज म्हणजे ट्रान्सड्यूसर, विजेचं ध्वनीत आणि ध्वनीचं विजेत रूपांतर करणारा भाग. स्फटिकाचा असा ट्रान्सड्यूसर पाण्याखाली पहिल्यांदा कामाला लावला पॉल लांजव्हँ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने. आइन्स्टाइन आणि मारी क्युरी यांच्या मित्रवर्तुळातला हा माणूस आपल्याकडे फारसा परिचित नाही.

क्युरींचा विद्यार्थी

लांजव्हँचा जन्म २३ जानेवारी १८७२ रोजी पॅरिसमध्ये, सामान्य परिस्थितीतल्या कुटुंबात झाला. औद्योगिक भौतिकी आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्या पॅरिसच्या संस्थेत तो शिकायला गेला, तेव्हा तिथे प्रयोगशाळेत पिएर क्युरी शिकवत होते. पिएर आणि त्यांचे भाऊ जाक यांनी १८८० मध्ये एक चमत्कारिक गुणधर्म शोधला होता. क्वार्ट्‌झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार निर्माण होतो. पुढच्याच वर्षी उलट बाजूही सिद्ध झाली: अशा स्फटिकाला वीज दिली की तो किंचित आकसतो किंवा फुगतो. याला पीझोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात. प्रयोगशाळेतल्या सूक्ष्म मोजमापांपलीकडे त्याचा फार मोठा उपयोग त्या काळी कुणाला दिसला नव्हता. लांजव्हँच्या मनात मात्र तो राहिला.

पुढे त्याने केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांच्याकडे काम केलं, परत येऊन १९०२ मध्ये डॉक्टरेट मिळवली. क्ष-किरण वायूतून गेले की त्या वायूचं काय होतं, हा त्याचा सुरुवातीचा विषय. १९०५ मध्ये त्याने चुंबकत्वाचा जो सिद्धांत मांडला तो आजही शिकवला जातो. सापेक्षतावाद फ्रान्समध्ये रुजवण्यात त्याचा मोठा वाटा होता. वेगाने अंतराळप्रवास करून परतलेला माणूस मागे राहिलेल्यांपेक्षा कमी म्हातारा झालेला असेल, हा विचारही त्यानेच १९११ मध्ये लोकांसमोर ठेवला.

त्याच वर्षी त्याचं नाव वेगळ्याच कारणाने पॅरिसभर गाजलं. पिएर क्युरी १९०६ मध्ये घोडागाडीखाली सापडून गेले होते. विधवा मारी आणि विवाहित, चार मुलांचा बाप असलेला लांजव्हँ यांच्यातल्या जवळिकीवरून वर्तमानपत्रांनी रान उठवलं. एका संपादकाशी त्याचं द्वंद्वही ठरलं. दोघे समोरासमोर उभे राहिले, पण गोळी कुणीच झाडली नाही. मारीला दुसरं नोबेल मिळालं तेही याच धुरळ्यात. काळाची गंमत अशी की, पुढे मारीची नात आणि लांजव्हँचा नातू यांचं लग्न झालं.

समुद्रात कान लावणं

१९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक हिमनगावर आदळली आणि पाण्यातला अडथळा आधी कसा ओळखावा, यावर अनेक डोकी चालू लागली. दोन वर्षांत पहिलं महायुद्ध सुरू झालं. हिमनगाची जागा जर्मन पाणबुड्यांनी घेतली. पाण्यात रेडिओलहरी चालत नाहीत, प्रकाश लवकर विरतो. दूरवर जातो तो फक्त ध्वनी. १९१५ मध्ये कॉन्स्तान्तिन चिलोव्स्की या रशियन अभियंत्याने फ्रेंच सरकारपुढे एक कल्पना ठेवली: माणसाला ऐकू येत नाही इतक्या उच्च वारंवारतेचा ध्वनी पाण्यात सोडायचा आणि त्याचा प्रतिध्वनी टिपायचा. तपासणीसाठी ती लांजव्हँकडे आली.

उच्च वारंवारताच का? ध्वनीची लहर जितकी आखूड, तितका त्याचा झोत अरुंद करता येतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. वारंवारता ४० किलोहर्ट्‌झ ठेवली तर एक लहर जेमतेम पावणेचार सेंटिमीटर लांब असते. असा ध्वनी विजेरीच्या उजेडासारखा हव्या त्या दिशेला रोखता येतो.

१९१५-१६ च्या हिवाळ्यात सीन नदीत प्रयोग सुरू झाले, मग काम तुलाँच्या नौदल तळावर हललं. मे १९१६ मध्ये दोघांनी मिळून पेटंटचा अर्ज केला. नंतर त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. सुरुवातीची साधनं म्हणजे ध्वनी सोडायला अभ्रकाचा कंडेन्सर आणि ऐकायला कार्बनचा मायक्रोफोन. दोन्ही कमकुवत ठरली. १९१७ च्या सुरुवातीला लांजव्हँला गुरूंचा क्वार्ट्‌झ आठवला. प्रतिध्वनीच्या अतिसूक्ष्म दाबाने स्फटिकात निर्माण होणारी वीज मोजण्याइतकी मोठी करणं पूर्वी अशक्य होतं. आता रेडिओसाठी बनवलेल्या नव्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरने ते शक्य केलं.

अडचण आणखी एक होती. नुसता क्वार्ट्‌झ या वारंवारतेला जोरात कंपन पावायचा तर तो सात सेंटिमीटरच्या आसपास जाड हवा, आणि एवढे मोठे निर्दोष स्फटिक मिळणं दुर्मीळ. लांजव्हँने चार मिलिमीटर जाडीच्या क्वार्ट्‌झच्या चकत्या फरशीसारख्या शेजारी शेजारी मांडल्या आणि वर-खाली तीन-तीन सेंटिमीटरच्या पोलादी पाट्या चिकटवल्या. सँडविचच म्हणा. ते संपूर्ण ४० किलोहर्ट्‌झला थरथरू लागलं. १९१८ च्या सुरुवातीला पाण्याखालच्या पाणबुडीचे स्पष्ट प्रतिध्वनी एक किलोमीटरहून अधिक अंतरावरून मिळाले. यंत्र लढाईत पोहोचण्याआधीच युद्ध संपलं, पण सोनारचा पाया घातला गेला होता. धातूच्या पाट्यांमध्ये स्फटिक दाबून बसवायची ही रचना आजही लांजव्हँच्याच नावाने ओळखली जाते. शस्त्रक्रियेत ऊती कापणारी काही अल्ट्रासॉनिक उपकरणं याच तत्त्वावर चालतात.

तुलाँला आणखी एक गोष्ट दिसली. चालू ट्रान्सड्यूसरच्या जवळ आलेले मासे तडकाफडकी मरत, आणि त्या पाण्यात हात घातला तर हाताला वेदना होत. ध्वनीचा सजीवांवर परिणाम होतो, याची ही पहिली स्पष्ट नोंद.

पडद्यावरची मासळी

युद्धानंतर हे तंत्र समुद्राची खोली मोजायला वापरलं जाऊ लागलं. ०.०४ सेकंदात प्रतिध्वनी आला, तर ध्वनीने जाऊन-येऊन ६० मीटर कापले, म्हणजे तळ ३० मीटरवर. मग मोजणाऱ्यांना तळाच्या वर मधेच पुसट खुणा दिसू लागल्या. त्या माशांच्या थव्यांच्या होत्या. १९३५ मध्ये नॉर्वेच्या ऑस्कर सुंद यांनी कॉड माशांच्या थव्यांचे असे आलेख प्रसिद्ध केले. १९४८ मध्ये जपानच्या फुरुनो बंधूंनी मच्छीमारांना वापरता येईल असा फिशफाइंडर बाजारात आणला.

माशाचा प्रतिध्वनी येतो तो मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे. घोळ माशाची जी पिशवी आपल्या किनाऱ्यावर चढ्या भावाने विकली जाते, तीच ही. मुशी आणि पाकट यांना ती नसते, म्हणून त्यांची खूण फिकी उमटते. सोनोग्राफीत आमची वाट अडवणारी हवा मच्छीमाराला मात्र मासा दाखवते!

लहान होडीला ट्रान्सड्यूसर बसवताना हेच शास्त्र कामी येतं. तो होडीच्या मागच्या फळीला, तळाच्या पातळीच्या किंचित खाली, तोंड सरळ खाली करून बसवतात. पंख्याजवळ बसवला तर बुडबुड्यांच्या फेसात तो आंधळा होतो. तळाच्या पट्ट्या किंवा खिळ्यांच्या मागच्या रेषेतही तेच. फायबरच्या होडीत तो आतून तळाला चिकटवता येतो, पण तिथला थर भरीव हवा, आणि डिंकात एकही बुडबुडा राहता कामा नये. लाकडी होडीत आतून चिकटवून भागत नाही. लाकडातल्या हवेमुळे ध्वनी विरतो. त्याची केबल इंजिनाच्या तारांपासून दूर ठेवावी, नाहीतर पडद्यावर रेघोट्या उमटतात. उथळ पाण्यात २०० किलोहर्ट्‌झ बारकावे दाखवतो, खोल पाण्यात ५० किलोहर्ट्‌झ दूर पोहोचतो. आमचंही तसंच. थायरॉइडसाठी उच्च वारंवारतेचा प्रोब, खोलवरच्या यकृतासाठी कमी वारंवारतेचा. स्पष्टता आणि खोली यांचा सौदा दोघांनाही करावाच लागतो.

तुरुंग आणि निर्वासन

लांजव्हँ प्रयोगशाळेत बसून राहिला नाही. १९३४ मध्ये फ्रान्समध्ये फॅसिझमविरोधी विचारवंतांची जी समिती उभी राहिली, तिच्या प्रमुखांपैकी तो एक होता. १९४० मध्ये जर्मनांनी पॅरिस घेतलं आणि ३० ऑक्टोबरला त्याला अटक झाली. वय ६८. नोव्हेंबरमध्ये पॅरिसचे विद्यार्थी त्याच्यासाठी रस्त्यावर उतरले. महिनाभराहून अधिक तुरुंगवासानंतर त्याला त्र्वा शहरात नजरकैदेत ठेवलं. मे १९४२ मध्ये जावई, तरुण भौतिकशास्त्रज्ञ जाक सोलोमाँ, याला नाझींनी गोळ्या घातल्या. मुलगी एलेन हिला ऑशविट्झच्या छळछावणीत धाडलं. ती जिवंत परतली. स्वतः लांजव्हँ १९४४ मध्ये सीमा ओलांडून स्वित्झर्लंडला निसटला. मुक्त फ्रान्समध्ये परतल्यावर उरलेली दोन वर्षं त्याने मानवी हक्कांच्या चळवळीला आणि शिक्षणसुधारणेला दिली. १९ डिसेंबर १९४६ रोजी तो गेला. दोन वर्षांनी त्याचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये सन्मानाने ठेवण्यात आले.

वारसा आपल्या हाती

१९४२ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल डुसिक यांनी मेंदूच्या तपासणीसाठी अल्ट्रासाउंड वापरून पाहिला. खरा पल्ला गाठला तो ग्लासगोच्या स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी. युद्धात हवाई दलात असल्याने रडार-सोनार त्यांना परिचित होते. धातूतल्या भेगा शोधणारं कारखान्यातलं यंत्र त्यांनी १९५५ मध्ये पोटातल्या गाठींवर वापरलं. पोटाचा असाध्य कर्करोग म्हणून हात टेकलेल्या एका बाईच्या पोटात प्रत्यक्षात अंडाशयाची पाण्याची मोठी गाठ आहे, हे त्या लहरींनी दाखवलं. गाठ काढली आणि बाई वाचली. त्यांच्या गटाचा शोधनिबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला.

तुलाँचे मासे मेले, मग पोटातल्या बाळाचं काय, ही भीती स्वाभाविक आहे. फरक तीव्रतेचा आहे. तपासणीतल्या लहरी अत्यंत क्षीण असतात, त्यात क्ष-किरणांसारखं आयनीकरण नसतं, आणि अनेक दशकांच्या वापरात योग्य पद्धतीने केलेल्या सोनोग्राफीने गर्भाला अपाय झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. तरी नियम एकच: डॉक्टरांना गरज वाटेल तेव्हाच, आणि गरजेपुरतीच. हौसेसाठी नाही.

खरी इजा या लहरींनी केली नाही, माणसांनी केली. याच पडद्यावर मुलगी दिसली म्हणून गर्भ पाडले गेले. त्याविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीआधी भरला जाणारा ‘फॉर्म एफ’ हा निव्वळ कागदी सोपस्कार नाही. लिंग सांगणं गुन्हा आहे, ते सांगण्यासाठी गळ घालणंही गुन्हाच आहे. समुद्रातही वेगळं नाही. नेमका थवा दाखवणारं यंत्र हाती आलं, तर पिल्लांसकट सगळं ओढून काढायचं की पुढच्या हंगामासाठी काही ठेवायचं, हे यंत्र ठरवत नाही.

लांजव्हँचं तंत्र युद्धासाठी जन्मलं आणि गर्भातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके दाखवण्यापर्यंत आलं. विज्ञान जाणणाऱ्याने त्याच्या वापराची जबाबदारीही उचलावी, हे त्याने तुरुंगवास सोसून दाखवलं. प्रोब हाती धरणाऱ्या डॉक्टरने आणि तपासणीच्या टेबलावर असलेल्या बाईच्या नातेवाइकांनी यातलं आपापलं उचलायचं आहे.