श्रीमती कॅथलीन क्लार्क

कॅथलीनबाईंचा जन्म आयर्लंडांतील लिमरिक शहरीं सन १८७८ मध्यें झाला. त्यांचे चुलते जॉन डेली हे राजकीय बंदी होते. पति टॉमस क्लार्क यांनींही विवाहापूर्वीं १५ वर्षें इंग्रजांच्या तुरुंगांत काढलीं होतीं. कर्ता पुरुष गेलेल्या घराची दशा काय होते, हें बाई लहानपणापासून जाणत होत्या.

सन १९१६ च्या ईस्टर सप्ताहांत डब्लिन येथें उठाव झाला व तो मोडला. ३ मे रोजीं पतीस आणि ४ मे रोजीं धाकट्या भावास गोळ्या घालण्यांत आल्या. पदरीं तीन मुलगे होते. तरीही शोक करीत न बसतां, क्रांतिकारकांनीं विश्वासानें सोंपविलेल्या निधींतून बाईंनीं मृतांच्या व बंदिवानांच्या कुटुंबांस साहाय्य देण्यास आरंभ केला. लवकरच दुसरी एक मदतसंस्था या कार्यास येऊन मिळाली.

सन १९१८ मध्यें खुद्द बाईंस तुरुंगवास घडला. १९३९ सालीं त्या डब्लिनच्या पहिल्या स्त्री नगराध्यक्षा झाल्या. १९७२ सालीं निवर्तल्या.

मुलांनो, तुरुंगांत जाणाऱ्याचा जयजयकार पुष्कळ करितात. मागें त्याच्या घरीं चूल पेटली कीं नाहीं, हें पाहणारे थोडे. असें साहाय्य भिक्षा नव्हे, तें देशाचें ऋण होय.