एलडीआरच्या मागचा माणूस : विलोबी स्मिथ

मिनी प्रोजेक्टची वेळ आली की दरवर्षी दोन-तीन ग्रुप तरी ऑटोमॅटिक स्ट्रीट लाइट घेतातच. एक एलडीआर, एक प्रीसेट, एक ट्रान्झिस्टर, एक रिले, झालं! सावर्ड्यात तर जुलैमध्ये भरदुपारी असं काही भरून येतं की बाहेर ठेवलेला हा दिवा बारा वाजताच लागतो. मला मात्र त्या नागमोडी रेघांच्या टिकलीमागचा माणूस कोण, याची उत्सुकता होती.

विलोबी स्मिथचा जन्म १८२८ चा, इंग्लंडमधल्या ग्रेट यारमथचा. विसाव्या वर्षी तो लंडनच्या गटापर्चा कंपनीत लागला. गटापर्चा म्हणजे मलायाकडच्या झाडांचा चीक. तांब्याच्या तारेवर त्याचा थर दिला की तार समुद्रात टाकता येते. १८५० साली डोव्हरहून फ्रान्सला टाकलेली केबल एका दिवसातच बंद पडली. पण ही माणसं हटली नाहीत. १८६६ मध्ये ग्रेट ईस्टर्न जहाजावरून अटलांटिक केबल पार पडली, तेव्हा स्मिथ या कामात पुढे होता. त्याच जहाजाने १८७० साली मुंबई-एडन केबल टाकली, म्हणजे त्याच्या कंपनीचं काम आपल्या अरबी समुद्रातही पोचलं.

केबल टाकताना इन्सुलेशन कुठे फाटलं तर ते लगेच कळायला हवं, नाहीतर पैसा आणि मेहनत दोन्ही पाण्यात! सतत टेस्टिंग चालू ठेवायची पद्धत स्मिथने बसवली. त्यासाठी किनाऱ्याकडच्या टोकाला प्रचंड मोठा रेझिस्टन्स लागायचा. त्याने सेलेनियमच्या कांड्या निवडल्या. रेझिस्टन्स भरपूर मिळाला, पण रीडिंग काही केल्या एक येईना. आज एक, उद्या भलतंच.

इथे आपण काय केलं असतं? सबमिशन उद्यावर आलेलं, मग शेजारच्या बॅचची रीडिंग छापली असती! स्मिथ आणि त्याचा सहायक जोसेफ मे यांनी मात्र त्या बिघाडाचाच पिच्छा पुरवला. सरकत्या झाकणाच्या पेटीत कांड्या ठेवल्या. झाकण बंद असताना रेझिस्टन्स सर्वात जास्त. झाकण सरकवून उजेड आत आला की झटकन कमी. दोष कांडीत नव्हता, खोलीतल्या उजेडात होता! फेब्रुवारी १८७३ मध्ये त्याने हे पत्राने कळवलं आणि त्याच महिन्यात ते नेचर या नियतकालिकात छापून आलं. पुढे १८८० साली ग्रॅहॅम बेलने सेलेनियम वापरूनच प्रकाशाच्या झोतावरून आवाज पाठवला.

कारण मात्र स्मिथला कधीच कळलं नाही. १८९१ मध्ये तो गेला आणि इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ साली. आज आपण थिअरीच्या पेपरात सहज लिहितो : प्रकाशाच्या कणाची ऊर्जा पुरेशी असली की बांधलेला इलेक्ट्रॉन सुटून कंडक्शन बँडमध्ये जातो, मोकळे वाहक वाढतात, रेझिस्टन्स घटतो. आपल्या एलडीआरमध्ये सेलेनियमऐवजी बहुधा कॅडमियम सल्फाइड असतं. त्याला दिसतो तो प्रकाश साधारण आपल्या डोळ्यांना दिसतो तसाच, म्हणून दिवे लावायला तो सोयीचा. अंधारात मेगाओहम, चांगल्या उजेडात काही किलोओहम. फक्त गडी जरा सुस्त, बदलायला वेळ घेतो. वेगाच्या कामाला फोटोडायोडच बरा. शिवाय कॅडमियम विषारी, त्यामुळे युरोपात २००६ पासून त्याच्या वापरावर कडक निर्बंध आले.

मला स्मिथ आवडतो तो एवढ्याचसाठी. तो शोध लावायला बसलाच नव्हता, साधं टेस्टिंगचं काम करत होता. पण चुकीचं वाटणारं रीडिंग त्याने खोडलं नाही. तेव्हा लॅबमध्ये आपला ग्राफ सरळ आला नाही, तर रबर शोधण्याआधी एकदा सर्किटकडे, आणि हो, खिडकीकडेही बघा!