मातृऋणातून अवतरलेली गीताई

मार्गशीर्ष शुद्ध एकादशी हा गीताजयंतीचा पुण्यदिवस. या दिवशी आमच्या हिंगोली जिल्ह्यातही ठिकठिकाणी गीतेचे पारायण होते, प्रवचने होतात, कीर्तने रंगतात. नागनाथाच्या पायरीशी राहून आम्ही आजवर या पर्वावर पुष्कळ वेळा उभे राहिलो. परंतु काही वर्षांपूर्वीच्या गीताजयंतीचा एक प्रसंग आमच्या मनातून जात नाही. त्या दिवशी आम्ही दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाची लक्षणे निरूपणास घेतली होती. शांकरभाष्यातील आधार दिले, पदांचा विग्रह केला, विद्वानांनी माना डोलावल्या. निरूपण संपल्यावर शेजारच्या खेड्यातील एक वृद्ध माउली पाया पडण्यास आली आणि तिने विचारले की, महाराज, हे सगळे मला घरी बसून वाचता येईल अशी एखादी पोथी आहे का? आम्ही मोठ्या ऐटीत एका जाडजूड टीकाग्रंथाचे नाव सांगितले. आपण उतारवयात अक्षरओळख करून घेतली आहे, एवढेच ती म्हणाली आणि गप्प राहून निघून गेली. त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. तिने भाकर मागितली आणि आम्ही तिला धान्याच्या कोठाराची वाट दाखविली, असे आमचे झाले होते.

त्या माउलीचा प्रश्न नवा नव्हता. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तोच प्रश्न बडोद्याच्या एका घरात एका मातेने आपल्या पुत्रास विचारला होता. त्या पुत्राने त्याचे उत्तर देण्यास दीर्घ काळ घेतला. पण असे उत्तर दिले की, आज मराठी घराघरांत ते उच्चारले जाते. तो पुत्र म्हणजे आचार्य विनोबा भावे. आजच्या पुण्यदिवशी त्यांच्या चरित्राचे स्मरण आम्ही याच सूत्राने करणार आहोत.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. वडील नरहरपंत शास्त्रीय वृत्तीचे, हिशेबी आणि शिस्तप्रिय. नोकरीनिमित्त ते बडोद्यास राहत. आई रुक्मिणीबाई कर्नाटकाकडच्या, अल्पशिक्षित, परंतु भक्तीने ओथंबलेल्या. त्यांनी एकदा देवास लक्ष तांदूळ वाहण्याचा नेम धरला. एकेक दाणा मोजून वाहावयाचा. नरहरपंतांनी सुचविले की, एक तोळा तांदळात किती दाणे येतात ते पाहावे, त्यावरून लक्षाचे वजन काढावे आणि चुकीचा संभव नको म्हणून थोडे अधिक घालावे. गणित बिनचूक होते. रुक्मिणीबाईंना उत्तर सुचेना, म्हणून त्यांनी मुलास विचारले. आईचे मोजणे हे गणित नसून प्रत्येक दाण्यासरशी होणारे ईश्वराचे स्मरण आहे, असा निर्णय विनायकाने दिला. वाचकांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

विनायक बडोद्यास शिकत असताना रुक्मिणीबाई गीतेवरील प्रवचनास जाऊ लागल्या. ऐकून मन भरे, पण मूळ संस्कृत कळत नसे. त्यांनी मुलास मराठी गीता आणण्यास सांगितले. त्याने प्रथम एक गद्य भाषांतर आणून दिले. आईला पद्य हवे होते, कारण जे गुणगुणता येत नाही ते कामाच्या रगाड्यात मुखी राहत नाही. मग त्याने वामन पंडितांची समश्लोकी गीता आणली. काही दिवसांनी आईने तीही कठीण वाटत असल्याचे सांगितले. याहून सोपी पद्य गीता आपल्या पाहण्यात नाही, असे मुलाने म्हणताच आईने सहज विचारले की, मग ती तूच का करीत नाहीस? विश्वास आईचा होता आणि ऋण मुलाच्या माथी बसले.

पुढील इतिहास वेगाने घडला. विनायकाने आपली प्रमाणपत्रे आईच्या चुलीत जाळली. २५ मार्च १९१६ रोजी परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण वाटेत सुरतेस उतरला आणि ब्रह्मजिज्ञासेने काशीस गेला. ७ जून १९१६ रोजी अहमदाबादेजवळच्या कोचरब आश्रमात त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. पुढे वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी त्यांनी उपनिषदे, ब्रह्मसूत्रे आणि शांकरभाष्य यांचे अध्ययन केले. २४ ऑक्टोबर १९१८ रोजी रुक्मिणीबाई निवर्तल्या. आईची मागणी तशीच राहिली होती.

१९२१ साली विनोबा वर्ध्याच्या आश्रमाची धुरा वाहण्यास आले. तेथे ७ ऑक्टोबर १९३० रोजी पहाटेच्या प्रार्थनेनंतर त्यांनी गीतेचे मराठी रूप लिहावयास घेतले. ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ते पूर्ण झाले. श्लोकास श्लोक, अनुष्टुभास अनुष्टुभ, असे सातशे श्लोक. अनुष्टुभाची बत्तीस अक्षरे. त्यांत एक अक्षर वाढवावयाचे नाही, अर्थ सांडावयाचा नाही आणि शब्द मात्र स्वयंपाकघरात कळणारा हवा. लक्ष तांदूळ एकेक मोजून वाहणाऱ्या मातेच्या पुत्राने अक्षरे मोजून ही पूजा बांधली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. आश्रमातील मुलांना ती गीता शिकवून पाहिली आणि जेथे मुले अडखळली तेथे शब्द बदलले. ज्यांच्यासाठी ग्रंथ, त्यांनाच परीक्षक नेमण्याचा हा नम्रपणा विद्वानांत विरळा. गीता आणि आई ही दोन्ही नावे एकत्र करून त्यांनी कृतीस गीताई हे नाव दिले. १९३२ साली ती छापून निघाली, तेव्हा कर्ता धुळ्याच्या तुरुंगात होता.

येथे एक शंका येईल. मराठीत गीतेवर काय थोडे ग्रंथ होते? शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० साली ज्ञानेश्वर महाराजांनी सुमारे नऊ हजार ओव्यांत गीतेचे अंतरंग उघडले. वामन पंडितांनी समश्लोकी रचिली आणि यथार्थदीपिकेसारखी विस्तृत ओवीबद्ध टीकाही लिहिली. लोकमान्य टिळकांचे गीतारहस्य १९१५ साली प्रसिद्ध झाले. मग आणखी एक कशास? याचे उत्तर श्रोत्याकडे पाहिल्यावर मिळते. ज्ञानेश्वरी ही सत्संगात बसून, दृष्टांतांच्या ओघात न्हाऊन निघण्यासाठी. यथार्थदीपिका शास्त्रचर्चेची गोडी असणाऱ्या अभ्यासकासाठी. समश्लोकी थोडेफार संस्कृत कानावरून गेलेल्यासाठी. तिच्यातील सामासिक पदे त्याला अडवीत नाहीत, रुक्मिणीबाईंना मात्र अडवितात. गीतारहस्य तर्काने झगडून कर्माचा निर्णय करू पाहणाऱ्यासाठी. या सर्वांत उणे काहीच नाही. परंतु जात्यावर, चुलीपुढे, शेताच्या बांधावर मुळाचाच श्लोक आपल्या भाषेत म्हणू इच्छिणाऱ्या जिवाची जागा रिकामी होती.

गीताईस तिची मर्यादाही आहे. ती श्लोकापुरती बोलते. विवरण करीत नाही. ही उणीव तिच्या कर्त्यानेच ओळखली. धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एक, अशी अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने विनोबांनी सहबंद्यांपुढे दिली. साने गुरुजींनी ती उतरून घेतली म्हणून आज गीता प्रवचने हा ग्रंथ आपणास लाभला. पुढे १९४४ साली शिवनीच्या तुरुंगात त्यांनी केवळ स्थितप्रज्ञाच्या श्लोकांवर व्याख्याने दिली. ती चिंतनशील साधकांसाठी. पंडितांसाठी त्यांनी साम्यसूत्रे ही १०८ सूत्रे संस्कृतातच रचली. एकच गीता, एकच कर्ता आणि चार प्रकारच्या अधिकाऱ्यांसाठी चार पात्रे. पाणी तेच, कोणास घागर लागते, कोणास ओंजळ.

हा विचार केवळ आपल्याच धर्मात आहे असे नाही. ख्रिस्ती धर्मग्रंथाची मूळ भाषा हिब्रू आणि ग्रीक. इंग्लंडात विल्यम टिंडल या विद्वानाने तो नांगरधाऱ्या पोरालाही कळावा या जिद्दीने इंग्रजीत आणला आणि त्यापायी १५३६ साली प्राण गमावले. पुढे जेम्स राजाच्या आज्ञेने सुमारे सत्तेचाळीस विद्वानांनी मिळून सिद्ध केलेले भाषांतर १६११ साली निघाले. त्याची भारदस्त भाषा प्रार्थनामंदिरात घुमण्यास अनुरूप ठरली. परंतु भाषा बदलते. तीनशे वर्षांनी तेच शब्द सामान्य वाचकास जुने वाटू लागले. तेव्हा इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांसही कळावे म्हणून सोप्या बोलीतला नवा करार १९६६ साली आणि संपूर्ण ग्रंथ १९७६ साली अमेरिकेत निघाला. एक उपासकाच्या कानासाठी, दुसरा नवख्याच्या समजुतीसाठी. यांत श्रेष्ठ कोणते, हा प्रश्न वाचकाचे नाव विचारल्यावाचून सुटत नाही. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी, धर्मांतराविषयी कोणाचे मत काहीही असो, हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायाबापड्यांसाठी तो ग्रंथ सोप्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. १९२२ साली त्या निवर्तल्या. १९२४ साली तो संपूर्ण छापला गेला. शास्त्रीपुत्री रमाबाई आणि शास्त्राभ्यासी विनोबा यांचे मार्ग भिन्न, परंतु समोर बसलेली अल्पाक्षरी स्त्री दोघांनाही दिसली होती.

विनोबांनी परधर्मीयांचे ग्रंथही त्याच आदराने अभ्यासिले. ख्रिस्तधर्मसार, कुराणसार ही त्यांनी काढलेली सारे. धम्मपदाची नवी मांडणी आणि गुरू नानकांच्या जपुजीवरील विवेचनही त्यांनी केले. आमच्या नर्सीच्या नामदेवरायांच्या अभंगांचीही त्यांनी निवड करून दिली. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे भूदानाची गंगा उगम पावली, तेव्हा ते गाव आणि आमचा हिंगोलीचा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होते. १९५८ साली पंढरपुरात त्यांनी ख्रिस्ती, मुसलमान अशा सर्व सोबत्यांसह विठ्ठलाचे दर्शन घेतले. ज्याने ग्रंथाचे दार उघडले, तो देवळाच्या दारात कोणास मागे ठेवून आत कसा जाईल?

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दीपावलीच्या दिवशी, पवनार येथे अन्न, पाणी व औषध वर्ज्य करून विनोबांनी शांतपणे देह ठेवला. दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न हा सन्मान देण्यात आला. आपल्या इतर कार्याचा लोकांना विसर पडला तरी गीताई महाराष्ट्राच्या कामी येत राहील, अशी त्यांची श्रद्धा होती. ती आज खरी ठरत आहे.

औंढ्यास येणाऱ्या भाविकांस येथील नंदी देवळाच्या पाठीमागे दिसतो. नामदेवरायांना कीर्तन करण्यास मागे पाठविले, तेव्हा त्यांचे बोल ऐकण्यास देऊळच फिरले, अशी परंपरा सांगते. देव फिरला तो पांडित्याकडे नव्हे, तर ज्या बाजूस आर्ततेने साध्या बोलीत हाक घातली जात होती त्या बाजूस. आणि येथील गाभारा तळघरात आहे. दर्शनास जाणारा शास्त्री असो वा मजूर, त्याला वाकूनच खाली उतरावे लागते. ही गोष्ट इतकी वर्षे डोळ्यांपुढे असून आम्हाला एका वृद्ध माउलीने शिकविली.

प्रसंगानंतर काही दिवसांनी त्या गावी आमचे कीर्तन होते. जाताना आम्ही गीताईची एक प्रत बरोबर नेली. माउलीने ती कपाळास लावली आणि बोट ठेवीत ठेवीत पहिला श्लोक मोठ्याने वाचला. तिला वेळ लागला, पण आमची मदत लागली नाही. आज गीताजयंतीस प्रत्येक घरात ज्याला जी कळेल ती गीता उघडली जावो, आणि जाणत्यांनी घरातील न जाणत्यास आधी विचारावे की तुला कोणती हवी, हीच नागनाथचरणी प्रार्थना.