एलिस बेटावरचा साधा दुभाषी न्यूयॉर्कचा महापौर झाला, पण सख्ख्या बहिणीसाठीही त्यानं नियम मोडला नाही

न्यूयॉर्कला जाणाऱ्यांना ला गार्डिया हे नाव माहीत असतं ते विमानतळामुळं. पण हे नाव ज्या माणसाचं आहे, तो विमानतळ होण्याच्या कितीतरी आधी बोटीनं येणाऱ्या गोरगरिबांसाठी भांडत होता.

फिओरेल्लो ला गार्डिया. जन्म 11 डिसेंबर 1882, न्यूयॉर्क. वडील इटलीहून आलेले, अमेरिकन लष्करात बँडमास्टर. आई त्रिएस्तची, ज्यू. बालपण गेलं ॲरिझोनात. पुढं कुटुंब युरोपात गेलं आणि विशीच्या आतच पोराला बुडापेस्टच्या अमेरिकन वकिलातीत कारकुनी मिळाली. 1904 साली त्याची नेमणूक झाली फियूम बंदरात, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या रियेकात.

तिथं त्याला एक गोष्ट खटकली. लोक होतं नव्हतं ते विकून तिकीट काढायचे आणि समुद्र पार केल्यावर अमेरिकेतले डॉक्टर डोळ्यांचा ट्रॅकोमा सापडला म्हणून त्यांना माघारी धाडायचे. कधी आईबाप आत, तर पोरगं परत.

ला गार्डियानं पवित्रा घेतला. बोटीत चढण्याआधीच प्रवाशांची डॉक्टरकडून तपासणी होणार, नाहीतर कागदावर सही नाही. बोट कंपनीनं आरडाओरडा केला, वरिष्ठही नाराज झाले. पण गडी हटला नाही. आजारपणामुळं तिकडून परत येणारे कमी झाले. वरिष्ठांशी मात्र पटलं नाही आणि 1906 साली त्यानं नोकरी सोडली.

पुढच्याच वर्षी तो न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर सरकारी दुभाषी म्हणून लागला. त्या एका वर्षात 10 लाखांहून जास्त लोक या बेटावरून अमेरिकेत शिरले होते. दिवसभर इटालियन, जर्मन, क्रोएशियन बोलणाऱ्यांचं गाऱ्हाणं अधिकाऱ्यांना समजावून सांगायचं आणि रात्री कायद्याचा अभ्यास. 1910 साली तो वकील झाला. कपड्यांच्या कारखान्यातले कामगार संपावर गेले, तेव्हा त्यानं त्यांच्याच भाषेत सभा घेतल्या.

याच भाषांनी त्याला राजकारणातही तारलं. 1922 च्या निवडणुकीत तो ज्यूंचा द्वेष करतो असा प्रचार झाला. आई ज्यू होती हे सांगून तो सहज सुटला असता. पण तसं न करता त्यानं ज्यू असलेल्या विरोधकाला यिडिश भाषेत वादविवादाचं आव्हान दिलं. विरोधकाला यिडिश येत नव्हती. ला गार्डिया थोडक्या मतांनी निवडून आला.

1924 साली दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांची संख्या आवळणारा कायदा आला. त्यालाही त्यानं संसदेत विरोध केला, पण कायदा झालाच.

1934 ते 1945 अशी सलग 12 वर्षं तो न्यूयॉर्कचा महापौर होता. रविवारी रेडिओवरून थेट लोकांशी बोलायचा. 1945 साली वर्तमानपत्रं घरोघरी पोचवणाऱ्यांचा संप झाला, तेव्हा पोरांचा हिरमोड नको म्हणून त्यानं रेडिओवर चित्रकथा वाचून दाखवल्या.

पण या कारकिर्दीला एक डागही आहे. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकनांना न्यूयॉर्कमध्ये वसवायचं ठरलं, तेव्हा 1944 साली त्यानंच विरोध केला. ज्यानं कित्येकांसाठी दार उघडं ठेवायला आयुष्य घालवलं, त्यानं भीतीच्या काळात काहींसाठी ते लावून घेतलं.

शेवटची परीक्षा घरातली होती. त्याची बहीण जेम्मा नाझींच्या रावेन्सब्रुक छळछावणीतून वाचली होती. तिचा नवरा छावणीतच गेला. 1946 साली ला गार्डिया निर्वासितांना मदत करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचा प्रमुख झाला. एका शब्दावर बहिणीला आणता आलं असतं. त्यानं पैसे पाठवले, पण तिचा नंबर रांगेतून पुढं घेतला नाही. मुलगी आणि नातवाला घेऊन ती 1947 साली अमेरिकेत पोचली.

त्याच वर्षी 20 सप्टेंबरला ला गार्डियाचं निधन झालं.