रायन व्हाइट : कॅमेऱ्यासमोर बसलेला शाळकरी मुलगा

१९८५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एक मुलगा सातवीचे वर्ग फोनवरून ऐकत होता. शाळा काही मैलांवर, मुलगा घरी, आणि मध्ये एक टेलिफोनची तार. फळ्यावर काय लिहिले आहे ते त्याला दिसत नसे. आवाजही मधूनमधून तुटत असे. टाळेबंदीत घरोघरी मुलांची शाळा भरवलेल्या आपल्या वाचकांना यात काय गंमत आहे ते वेगळे सांगायला नको. फरक एवढाच, की घरी बसलेला हा एकटाच होता आणि बाकी सगळी शाळा नेहमीसारखी भरत होती.

त्याचे नाव रायन व्हाइट. जन्म ६ डिसेंबर १९७१, गाव कोकोमो. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांचे हे गाव, आणि त्याची आई जीन त्यातल्याच एका कारखान्यात काम करणारी. जन्मानंतर तीनच दिवसांत निदान झाले, की बाळाला हिमोफिलिया आहे. रक्त गोठायला लागणारे एक प्रथिन, ज्याला फॅक्टर आठ म्हणतात, ते या मुलांच्या शरीरात पुरेसे बनत नाही. साधे खरचटले तर फारसे बिघडत नाही. पण गुडघ्यात, कोपरात, स्नायूंत आतल्या आत रक्तस्राव होतो आणि तो थांबत नाही. रायनच्या जन्माच्या सुमारास यावर एक नवे औषध आले होते. दात्यांच्या रक्तद्रवातून फॅक्टर आठ वेगळे काढून त्याची पूड करायची, ती पाण्यात विरघळवून शिरेतून द्यायची. घरच्या घरी देता येणारे हे औषध म्हणजे हिमोफिलियाच्या कुटुंबांना वरदानच होते. आधीच्या पिढीतली मुले तरुण वयातच अपंग होत किंवा दगावत. ही मुले सायकल चालवू लागली.

पण या पुडीची एक गोम होती. तिची एक खेप हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र करून तयार होत असे. त्यातल्या एकाच्या रक्तात विषाणू असला तरी सगळी खेप दूषित. जुलै १९८२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने हिमोफिलियाच्या तीन रुग्णांना हा नवा आजार झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. तेव्हा आजाराला एड्स हे नावही मिळाले नव्हते. ते त्याच वर्षी सप्टेंबरात रुळले. विषाणू सापडला १९८३ मध्ये, रक्तचाचणी आली मार्च १९८५ मध्ये. उष्णता देऊन विषाणू मारलेले फॅक्टर सर्रास वापरात येईपर्यंत अमेरिकेतल्या हिमोफिलियाच्या सुमारे निम्म्या रुग्णांना संसर्ग होऊन गेला होता.

रायन त्यांतलाच एक. डिसेंबर १९८४ मध्ये न्यूमोनिया बळावला म्हणून त्याच्या फुफ्फुसाचा काही भाग काढावा लागला. तपासणीत निदान झाले, एड्स. वय तेरा. सहा महिने जगेल, असा डॉक्टरांचा अंदाज होता.

तो जगला सव्वापाच वर्षे. आणि त्यातला बराच काळ अमेरिकेने त्याला टीव्हीवर पाहिले.

आधी शाळेचे सांगायला हवे. तब्येत सुधारल्यावर त्याला शाळेत जायचे होते, इतकी साधी मागणी होती. जून १९८५ च्या अखेरीस शिक्षण अधिकाऱ्यांनी ती नाकारली. शंभराहून अधिक पालकांनी आणि पन्नास शिक्षकांनी त्याला घेऊ नये अशा अर्जावर सह्या केल्या होत्या. ऑगस्टच्या अखेरीस रोगनियंत्रण केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या, की बहुतेक बाधित मुलांना शाळेत जाऊ द्यावे. सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष रेगन यांना पत्रकारांनी याच प्रश्नावर विचारले, तेव्हा त्यांनी दोन्ही बाजूंबद्दल सहानुभूती दाखवली आणि वैद्यकशास्त्राने अजून ठाम काही सांगितलेले नाही असा सूर लावला. स्वतःच्याच सरकारच्या तज्ज्ञांनी काय सांगितले होते, ते तीन आठवड्यांत कुठे गेले, कोण जाणे.

नोव्हेंबरात राज्याच्या शिक्षण विभागाने रायनच्या बाजूने निकाल दिला. २१ फेब्रुवारी १९८६ रोजी तो शाळेत गेला. त्या दिवशी ३६० पैकी १५१ मुले आलीच नाहीत. दुपारपर्यंत न्यायालयाची मनाई आली आणि रायन परत घरी. एप्रिलमध्ये मनाई उठली, तेव्हा काही पालकांनी मुलांची नावे काढून वेगळी शाळाच थाटली. शाळेने घातलेल्या अटी रायनने मान्य केल्या होत्या. जेवायला फेकून देण्याच्या ताटल्या-चमचे, वेगळे स्वच्छतागृह, पाणी प्यायला वेगळी जागा, व्यायामाच्या तासाला सुट्टी. यातली एकही अट वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नव्हती. आणि त्यांनी भीती कमी झाली का? उलट. ताटली वेगळी ठेवली, की बघणाऱ्याला वाटते, ताटलीत काहीतरी असणारच.

रायन पेपर टाकायचा, तर लोकांनी त्याच्याकडून पेपर घेणे बंद केले. दुकानातल्या भाज्यांवर तो थुंकतो, अशी अफवा पसरली. ईस्टरच्या प्रार्थनेत शेजाऱ्याचा हात हाती घ्यायचा प्रघात असतो. त्याने हात पुढे केला, तो कुणी घेतला नाही. शेवटी घराच्या खिडकीतून गोळी आत आली.

आता टीव्हीकडे येऊ.

अमेरिकेत त्या काळी दिवसा, घरातली माणसे कामाला गेल्यावर, गप्पांचे कार्यक्रम लागत. त्यांचा मोठा प्रेक्षकवर्ग घरी असलेल्या बायकांचा. फिल डोनाह्यू हा या प्रकाराचा जनक म्हणता येईल. १९६७ मध्ये ओहायोतल्या एका गावठी केंद्रावर त्याने हा कार्यक्रम सुरू केला. त्याची मुख्य युक्ती अशी, की माइक हातात घेऊन तो प्रेक्षकांत हिंडायचा. तज्ज्ञ मंचावर बसलेले, पण प्रश्न विचारणार शेजारपाजारची बाई, आणि फोनवरून कुणीही. रात्रीच्या बातम्यांत एड्सला मोठी जागा मिळाली नव्हती तेव्हा, म्हणजे १९८२ मध्येच, डोनाह्यूने त्यावर आख्खा कार्यक्रम केला आणि आजारी समलिंगी पुरुषाला मंचावर बोलावले. हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे.

या कार्यक्रमांतून विचारले जाणारे प्रश्न तेच होते, जे नंतर आपल्याकडेही विचारले गेले. डास चावला तर? एकाच पेल्यातून पाणी प्यायले तर? स्वच्छतागृहाच्या बैठकीवरून? घाम, अश्रू, खोकला? हे प्रश्न हास्यास्पद म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण ते तसे नव्हते. मे १९८३ मध्ये एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात लहान मुलांतल्या एड्सवर लेख आला आणि घरातल्या रोजच्या सहवासातून हा आजार पसरत असेल, अशी शक्यता त्यासोबत मांडली गेली. खरे कारण आईकडून बाळाला होणारा संसर्ग हे होते. ते पुढे स्पष्ट झाले, पण तोवर बातमी घराघरांत पोहोचली होती.

उत्तर खरोखर हाती आले ते फेब्रुवारी १९८६ मध्ये, म्हणजे रायन एका दिवसासाठी शाळेत गेला त्याच महिन्यात. न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी ३९ रुग्णांच्या घरातल्या १०१ माणसांची तपासणी केली. ही माणसे महिनोन् महिने त्या रुग्णांबरोबर एका घरात राहिलेली, भांडी, टॉवेल, काही वेळा अंथरूणही वाटून घेतलेली. संसर्ग सापडला एका लहान मुलात, आणि तोही बहुधा जन्माच्या वेळी आईकडून आलेला. सहवासातून झालेला एकही नाही. विषाणू शरीराबाहेर फार दुबळा असतो, आणि रक्त, लैंगिक संबंध किंवा आई-बाळ हे मार्ग सोडले तर त्याला दुसऱ्याच्या शरीरात पोहोचण्याची वाट नसते, हे यातून दिसत होते.

पण मंचावरचा डॉक्टर हे सांगायचा कसे? तो म्हणायचा, असा संसर्ग झाल्याचा पुरावा मिळालेला नाही. शास्त्राची भाषा अशीच असते, आणि ती प्रामाणिक असते. समोर बसलेल्या आईला मात्र ऐकू यायचे, की यांनाही नक्की माहीत नाही. मग ती पुढचा प्रश्न विचारायची, शंभर टक्के खात्री देता का? डॉक्टर क्षणभर अडखळायचा. तेवढा क्षण पुरे व्हायचा. मला वाटते, त्या काळच्या टीव्हीवरच्या एड्सचर्चेची सगळी गोची या एका क्षणात आहे. कार्यक्रमाच्या रचनेतच दोन बाजूंना सारखा वेळ होता. एका बाजूला १०१ माणसांची तपासणी, दुसऱ्या बाजूला एका माणसाची भीती, आणि माइक दोघांसमोर तेवढाच वेळ.

याचे ठळक उदाहरण नोव्हेंबर १९८७ चे. वेस्ट व्हर्जिनियातल्या विल्यमसन या गावात माइक सिस्को नावाचा एड्सग्रस्त तरुण सार्वजनिक तलावात पोहला, म्हणून गावाने तलाव रिकामा करून धुऊन काढला. ओप्रा विन्फ्रीचा कार्यक्रम तेव्हा देशभर दिसू लागून वर्षच झाले होते. ती कार्यक्रम घेऊन त्या गावात गेली. मंचावर सिस्को, समोर गावकरी, आणि एकेक जण उठून त्याच्या तोंडावर सुनावतो आहे. ते चित्रण आजही पाहताना अंगावर येते. भीती एकदा उघड बोलली गेली की तिला उत्तर देता येते, असे त्याच्या बाजूने म्हणता येईल. पण त्या खुर्चीत बसणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते, हेही खरे.

रायन अशा खुर्च्यांत अनेकदा बसला. डोनाह्यूच्या कार्यक्रमात, सकाळच्या बातमीपत्रांत, मुलाखतींत. वयाच्या मानाने बारीक चण, आवाज घोगरा, आणि बोलणे विलक्षण सरळ. रडगाणे नाही, राग नाही. शाळेत जायचे आहे, मित्रांत राहायचे आहे, एवढेच तो सांगे. प्रसिद्धी आवडते का असे विचारले, तर आजार नसता तर ती आनंदाने सोडून दिली असती असे त्याचे म्हणणे असे. मंचावरचा डॉक्टर जे दहा वाक्यांत पटवू शकत नव्हता ते काम रायनच्या नुसत्या बसण्याने होई. सूत्रधार त्याच्या शेजारी बसतो, हात मिळवतो, खांद्यावर हात ठेवतो, आणि लाखो घरांत ते दिसते.

इथे एक गोष्ट मात्र खटकते. टीव्हीला रायन आवडला तो निष्पाप म्हणून. लहान, गोरा, औषधातून संसर्ग झालेला. त्याला निष्पाप म्हणताना बाकीचे पापी, हे न बोलता ठरून जाई; त्यात बहुसंख्य समलिंगी पुरुष होते आणि सुईतून नशा करणारे होते. रायन आणि त्याची आई ही वाटणी मान्य करत नसत. एड्स झालेला प्रत्येक जण सारखाच, अशी त्यांची भूमिका होती. हे श्रेय त्यांना फार कमी वेळा दिले जाते.

१९८७ मध्ये कुटुंबाने कोकोमो सोडले. गायक एल्टन जॉन यांनी घरासाठी पैसे उसने दिले, जीनने ते पुढे फेडले. नवे गाव सिसरो, शाळा हॅमिल्टन हाइट्स. इथल्या मुख्याध्यापकांनी आणि विद्यार्थी मंडळाने रायन यायच्या आधीच तयारी केली. तज्ज्ञ बोलावले, वर्गावर्गांत माहिती दिली, मुलांनी घरी जाऊन पालकांना समजावले. ३१ ऑगस्ट रोजी तो शाळेत आला तेव्हा मुलांनी पुढे होऊन हात मिळवला. तोच देश, तेच राज्य, तोच विषाणू. गाडीने तासाभराचेही अंतर नाही.

जानेवारी १९८९ मध्ये त्याच्या आयुष्यावरचा चित्रपट टीव्हीवर आला. पुढच्याच महिन्यात आपल्या गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी उचलले. नियमित रक्तदाता, रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला, एवढाच गुन्हा. गोव्याच्या तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानुसार त्याला क्षयरोग्यांच्या जुन्या दवाखान्यात चौसष्ट दिवस डांबून ठेवले. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. सुटल्यावर त्याने रुग्णांसाठी काम उभे केले आणि १९९२ मध्ये तो गेला. शाळेचे म्हणाल, तर लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात एचआयव्हीबाधित मुले शाळेत येतात म्हणून पालकांनी आपली मुले पाठवणे बंद केले, ते २००९ मध्ये. न्यूयॉर्कच्या त्या तपासणीला तोवर तेवीस वर्षे झाली होती.

मार्च १९९० च्या शेवटी श्वसनाच्या संसर्गाने रायन इंडियानापोलिसच्या रायली बालरुग्णालयात दाखल झाला. ८ एप्रिलला तो गेला. शाळा संपायला महिना-दीड महिना उरला होता. अंत्यसंस्काराला पंधराशेहून अधिक माणसे आली. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत एल्टन जॉन होते, फिल डोनाह्यू होता. रेगन यांनी त्याच आठवड्यात वृत्तपत्रात श्रद्धांजलीचा लेख लिहिला. ऑगस्टमध्ये अमेरिकी संसदेने केलेल्या कायद्याला रायनचे नाव मिळाले. ज्यांना उपचार परवडत नाहीत अशा पाच लाखांहून अधिक बाधितांना आज त्या कायद्यातून मदत मिळते. विषाणूला खऱ्या अर्थाने रोखणारी एकत्रित औषधे १९९६ मध्ये आली. रायन तेव्हा चोवीस वर्षांचा असता.

पहिल्याच वर्षात त्याच्या थडग्याची चार वेळा मोडतोड झाली. त्याची खोली मात्र इंडियानापोलिसच्या मुलांच्या संग्रहालयात जशीच्या तशी मांडून ठेवली आहे. आई जीनने सगळे सामान दिले, आणि शाळेच्या सहली तिथे येतात.