शिवरायांना ब्राँझमध्ये साकारणारे करमरकर

मुंबईहून जुन्या महामार्गाने पुण्याकडे येणाऱ्या प्रवाशाला निगडीत छत्रपती शिवाजी महाराज आणि संत तुकाराम यांच्या भेटीचे भक्ती-शक्ती शिल्प दिसते. तेथील ध्वजस्तंभ १०७ मीटर उंच आहे, तर मोशीत पिंपरी-चिंचवड महापालिकेने हाती घेतलेला छत्रपती संभाजी महाराजांचा पुतळा शंभर फुटांचा. या भव्यतेपुढे पुण्यातील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील साडेतेरा फुटी अश्वारूढ शिवपुतळा लहानच वाटेल. मात्र मोठे पुतळे विलायतेतून घडवून आणण्याची प्रथा असलेल्या काळात तो मुंबईत ओतला गेला. ही किमया विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकर यांची.

करमरकरांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी अलिबागजवळच्या सासवणे गावी झाला. वडील गणेशमूर्ती घडवीत. मातीशी मुलाचे नाते जडले ते घरातच. गावच्या राममंदिराच्या भिंतीवर त्याने काढलेले शिवरायांचे चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेस पडले आणि त्यांच्या साहाय्याने खेड्यातील हा मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढे सुरेंद्रनाथ टागोर यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी कोलकात्यात शिल्पशाळा थाटली. १९२० मध्ये ते उच्च शिक्षणासाठी लंडनला गेले.

दरम्यान, राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने पुण्यात शिवस्मारकाचा संकल्प सोडला गेला होता. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते कोनशिला बसली. परंतु १९२२ मध्ये शाहू महाराज निवर्तले, तर १९२५ मध्ये या कार्याचे दुसरे आधारस्तंभ ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांचेही निधन झाले. रेंगाळलेले हे काम अखेर करमरकरांकडे आले.

एवढा पुतळा सुट्या भागांत ओतून जोडणे तुलनेने सोपे होते. करमरकरांनी तो एकसंध ओतण्याचे धाडस केले. अशा ओतकामातील धोका भोसरी-चाकण पट्ट्यातील ओतशाळांच्या कामगारांना वेगळा सांगायला नको. साच्यात ओल राहिली, वायूला वाट मिळाली नाही किंवा धातूचा रस मध्येच थिजला, तर महिन्यांची मेहनत क्षणात वाया जाते. माझगाव गोदीत तापलेल्या ब्राँझचा रस साच्यात सोडला गेला आणि पुतळा निर्दोष उतरला. त्याचे वजन सुमारे आठ टन भरले.

पुढचे आव्हान वाहतुकीचे होते. बोरघाटातील बोगद्यांतून एवढी उंच वस्तू नेणे जिकिरीचे होते. तरीही पुतळा खास रेल्वेगाडीने पुण्यास पोहोचला. या लोहमार्गावरील पिंपरी तेव्हा शेतीवाडीचे गाव होते. तेथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना व्हायला १९५४ साल उजाडायचे होते. १६ जून १९२८ रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते पुतळ्याचे अनावरण झाले आणि करमरकरांचे नाव सर्वतोमुखी झाले.

या यशानंतर त्यांनी केवळ थोरामोठ्यांचेच पुतळे घडविले नाहीत. त्यांच्या 'शंखध्वनी' या शिल्पाने रसिकांची दाद मिळविली. सासवण्यात त्यांनी कोळणी, शेतकरी, गावातील साधी माणसे आणि गुरेही साकारली. ब्राँझ महाग, म्हणून त्यांनी सिमेंटलाही कलेचे माध्यम केले. १९६२ मध्ये त्यांना 'पद्मश्री'ने गौरविण्यात आले. १३ जून १९६७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. सासवण्यातील त्यांचे घर आता शिल्पसंग्रहालय आहे.

पुतळ्यांची उंची पुढेही वाढत राहील. मात्र घोड्याच्या डौलदार चालीतून आणि स्वाराच्या शांत, सावध मुद्रेतून शिवरायांचे व्यक्तिमत्त्व उभे करणारे करमरकरांचे शिल्प फुटपट्टीने मोजता येत नाही. शिल्प मोठे होते ते कशाने, हे पाहायचे असेल तर नव्या पुतळ्यांच्या शिल्पकारांनी आणि ते उभारणाऱ्या संस्थांनी एकदा त्याच्यापुढे उभे राहावे.