बेसी स्मिथ : आदरांजली कशी वाहावी?

आज आपण अमेरिकेतील थोर ब्लूज गायिका बेसी स्मिथ हिची माहिती पाहणार आहोत. मुलांना कृतज्ञता म्हणजे काय हे समजावताना ही गोष्ट जरूर सांगा.

बेसीचा जन्म १८९४ च्या सुमारास टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथे एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. आईवडील लवकर गेले. मोठ्या बहिणीने सांभाळ केला. भाऊ गिटार वाजवायचा आणि छोटी बेसी रस्त्यावर गाऊन चार पैसे मिळवायची. १९१२ मध्ये ती एका फिरत्या कंपनीत लागली, तेही नाचणारी म्हणून! कारण गायला तिथे मा रेनी ही नामवंत गायिका होतीच.

१९२३ मध्ये कोलंबिया कंपनीने तिची पहिली रेकॉर्ड काढली. ती लाखोंनी खपली. लोक तिला ब्लूजची सम्राज्ञी म्हणू लागले. पण तिला गाण्यामागे ठरलेली रक्कम मिळे, खपातला वाटा नाही. पुढे मंदी आली आणि १९३१ मध्ये कंपनीने तिला सोडलं.

२६ सप्टेंबर १९३७ रोजी मिसिसिपीत मोटार अपघातात ती गेली. गोऱ्यांच्या दवाखान्याने तिला दाखल करून घेतलं नाही, असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. ते खरं नाही. तिला कृष्णवर्णीयांच्याच दवाखान्यात नेलं होतं. मात्र दवाखानेही वेगळे होते, हे मुलांना सांगायला विसरू नका.

फिलाडेल्फियात अंत्ययात्रेला हजारो लोक आले. तरीही कबरीवर नावाचा दगड काही बसला नाही.

१९५८ मध्ये दिना वॉशिंग्टन या प्रसिद्ध गायिकेने बेसीच्या गाण्यांचा संपूर्ण अल्बम काढला. त्याच वर्षी लाव्हर्न बेकर हिनेही काढला. नव्या पिढीपर्यंत ती गाणी पोहोचली. कबर मात्र तशीच होती.

अखेर १९७० मध्ये, म्हणजे तब्बल ३३ वर्षांनी, दगड बसला. पैसे कुणी दिले माहीत आहे? एक होती रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन, बेसीच्या रेकॉर्ड ऐकून घडलेली. दुसरी जुआनिटा ग्रीन, लहानपणी बेसीच्या घरी फरशी पुसणारी मुलगी!

बघा, एकीने गाणं घेतलं होतं, दुसरीने तिला जवळून पाहिलं होतं. दोघीही विसरल्या नाहीत. आपल्या वर्गात एकदा विचारून पाहा : तुम्ही कुणाकडून काय शिकलात, आणि त्यांचं नाव तुम्ही कसं जपाल?